सध्या काय ऐकून राहिले?

कानात ती वायरीची बोंडं घालून, डोळे मिटून एक माणूस खाटेवर पडला आहे. मान एका बाजूला कलली आहे. आता सांगा, तो गाण्यात रंगला आहे की त्याचं बीपी पडलं आहे? लांबून नाही सांगता येत. मलाही येत नसे, आणि माझं तर सगळं आयुष्य अशा खाटांच्या मधून फिरण्यात गेलं. म्हणून आमच्या डायलिसिसच्या हॉलमध्ये मी कानात काहीही घालायला बंदी केली होती. पुढचं सगळं रामायण त्या बंदीतून घडलं, आणि आज मागं वळून बघताना मला त्या रामायणाचे आभारच मानावेसे वाटतात.

मी इंगळे सिस्टर. अमरावतीच्या एका दवाखान्यात डायलिसिस विभागात नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं इन्चार्ज म्हणून. मूळची अकोल्याची, रिटायर झाल्यावर परत अकोल्यालाच मुलाकडे आले. माझं बोलणं फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. पुण्याकडच्या एक डॉक्टरबाई आमच्याकडे नव्यानं आल्या, तेव्हा त्यांना वाटलं मी पेशंटशी भांडते आहे. अहो, मी फक्त पाणी किती प्यालात एवढंच विचारत होते.

पाण्याचं विचारावंच लागतं. ज्यांच्या घरात हा आजार आलेला नाही (आणि येऊही नये) त्यांच्यासाठी सांगते. किडनी बसली की अंगातलं पाणी आणि घाण बाहेर पडायचा रस्ताच बंद होतो. मग आठवड्यातून दोनदा-तीनदा मशीनवर यायचं, हातात दोन जाड सुया घालून घ्यायच्या. एका सुईतून रक्त बाहेर येतं, मशीनमधून गाळून निघतं आणि दुसऱ्या सुईतून परत आत जातं. चार तास हलायचं नाही. आल्याआल्या वजनकाट्यावर उभं राहायचं, कारण मागच्या खेपेपासून किती पाणी साचलं ते वजनच सांगतं. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. मे महिन्यात अमरावतीत माणसाला घोट मोजून पाणी प्यायला सांगणं म्हणजे काय, ते सांगणाऱ्यालाच कळतं. काट्यावर उभं राहताना मोठीमोठी माणसं माझ्याकडे बघायचं टाळायची.

आणखी एक गोष्ट सांगते, ती पुढं लागेल. या पेशंटांच्या हातात छोटं ऑपरेशन करून दोन नसा एकमेकींना जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात. त्यानं नस फुगून दोरासारखी जाड होते आणि तिच्यातच आम्ही सुया घालतो. हा हात म्हणजे पेशंटचा जीव. त्या हातानं बादली उचलायची नाही, त्यात घड्याळ-बांगडी घालायची नाही, त्यावर झोपायचं नाही. आणि हा हात वाजतो. खरंच वाजतो! बोट ठेवलं तर आत काहीतरी घुमत असल्यासारखं लागतं, आणि स्टेथोस्कोप ठेवला तर ऐकू येतं, झूं... झूं... झूं. हा आवाज खालचा, भरदार असला की सगळं ठीक. बारीक झाला, शिट्टीसारखा झाला, की नस कुठंतरी आवळून आली. आणि आवाजच नाही, म्हणजे नस गोठली. मग पळापळ, मानेत नळी, नाना भानगडी. त्यामुळे सुई घालण्याआधी मी प्रत्येकाचा हात कानानं तपासायची. पेशंटशी बोलायच्या आधी त्याच्या हाताशी बोलायची, असं म्हणा.

आता गाण्याकडे येते. चार तास नुसतं छताकडे कोण बघेल? मोबाईल आले तसे लोक आपापलं लावायला लागले. या खाटेवर खंजिरी भजन, त्या खाटेवर कव्वाली, खिडकीजवळ भीमगीत, कोपऱ्यात धाडधाड डीजे. प्रत्येकाला वाटायचं, बाजूच्याचा आवाज मोठा आहे, म्हणून हा आपला आणखी वाढवायचा. त्यात मशीनची टूंटूं. एके दिवशी वलगावचे भाऊराव आणि त्यांच्या समोरच्या खाटेवरचे एक गृहस्थ असे भांडले, की दोघांचंही बीपी वर गेलं आणि मला दोघांनाही गोळ्या द्याव्या लागल्या. मग काही जणांनी कानात बोंडं घातली. एक गृहस्थ मजेत मान डोलवत होते म्हणून मी निवांत होते. जवळ गेले तर त्यांच्या पायात गोळे आले होते, मान दुखण्यानं हलत होती, आणि गाण्याच्या आवाजात त्यांना स्वतःलाच कळेना की आपण मला हाक मारली का नाही!

त्या दिवशी मी कमरेवर हात ठेवून हॉलच्या मधोमध उभी राहिले. "आजपासून सगळे मोबाईल बंद. कानातलं बी बंद. एक स्पीकर राहील, तो माह्याजवळ. रोज एकाचा नंबर लागल. ज्याचा नंबर, त्याचं गाणं. बाकीच्याईनं ऐकाचं. आवडो का न आवडो, अर्ध्यात बंद कराचं नाई. आपला नंबर आला का समजल."

कुरकुर झाली, पण माझ्यापुढं कुरकुर फार टिकत नसे.

पहिला महिना वाईट गेला. कारण प्रत्येक जण आपल्या आयुष्यातलं सगळ्यात आवडतं गाणं आणायचा, आणि दर नंबराला तेच आणायचा. भाऊरावांची संत्र्याची बाग, माणूस मोठा रुबाबदार, पण गाणं लागलं की रडायचे. त्यांच्या लग्नात बँडनं वाजवलेलं जुनं सिनेमातलं गाणं होतं ते. "पहिले मी असा नव्हतो सिस्टर. पहिले मी दोन पोती एकटा उचलत होतो." पहिले, पहिले, पहिले. सगळ्या हॉलमध्ये हेच. जणू आजार आला त्या दिवशी यांचं आयुष्य संपलं आणि आता हे उरलेले तास काढायला माझ्याकडे येतात.

माझं डोकं फिरलं. "भाऊराव, ते लग्नातलं झालं. लग्नाले झाले किती वर्षं! सध्या काय ऐकून राहिले, ते सांगा."

"सध्या?" ते म्हणाले. "सध्या काय ऐकाचं? सध्या तं बिमारी हाये."

"बिमारी किडनीले झाली. कानाले थोडीच झाली?"

भाऊराव पुढच्या नंबराला आले तेव्हा मोठ्या ऐटीत मोबाईल माझ्या हातात दिला. मी स्पीकरला जोडला, आणि अगं माय! गावात कचरा न्यायला घंटागाडी येते ना, तिच्यावर वाजणारं गाणं. ओला कचरा, सुका कचरा! "रोज सकाळी हेच ऐकून राहिलो," भाऊराव म्हणाले. "तुमीच म्हटलं ना सध्याचं आना म्हनून." हॉल असा हसला की हसता हसता सगळ्यांचे हात हलले, आणि हात हलला की सुईत दाब वाढून मशीन ओरडतं. एकदम पाच-सहा मशीनं कोकलायला लागली. मी इकडून तिकडे पळत, अलार्म बंद करत, तोंडानं शिव्या देत आणि आतून खुशीत.

तेव्हापासून नियम पक्का झाला. जुनं नको, सध्याचं आणा. आणि एक गंमत झाली. सध्याचं आणायचं म्हणजे सध्या काहीतरी ऐकायला पाहिजे. लोक घरी जाऊन शोधायला लागले. नातवाला विचारायला लागले. कोणी एसटीत ड्रायव्हरनं लावलेलं आणलं, कोणी मंदिरातल्या भोंग्यावरचं, कोणी मोहल्ल्यातल्या लग्नातलं. आमच्या घरची भीमगीतं मला लहानपणापासून पाठ, पण कव्वालीत लोक मध्येच "वा" का म्हणतात ते मला या हॉलमध्ये कळलं. आणि रिद्धपूरकडच्या एका आजींनी आपल्या घरात म्हणायची पदं स्वतःच म्हणून दाखवली, तेव्हा डीजेवाली पोरंसुद्धा चुप होती. आजींना मोबाईल वापरता येत नव्हता आणि त्याची त्यांना काही फिकीरही नव्हती.

एक नंबर मात्र रिकामा गेला. देशमुख गुरुजी म्हणून रिटायर शिक्षक होते, फार शिस्तीचे. "सिस्टर, गुरुवारी माझा नंबर. असं काही आणतो की बघाच," असं सांगून सोमवारी हसत गेले. बुधवारी घरी, बसल्या जागी गेले. गुरुवारी त्यांच्या खाटेवर दुसऱ्या कोणाला टाकायचं माझ्या जिवावर आलं. एक गाणं संपेल इतका वेळ आम्ही स्पीकर तसाच सुरू ठेवला, काही न लावता. त्यांच्या मुलाला मी नंतर विचारलंसुद्धा, पण त्याला काही माहीत नव्हतं. काय आणणार होते गुरुजी? आजही कधीकधी भाजी निवडता निवडता हा प्रश्न मनात येतो आणि जीव हळहळतो. असो.

आता रशीदभाई.

रशीदभाई अचलपूरचे. शिलाई मशीन दुरुस्त करायचा त्यांचा धंदा. अंगानं काटकुळे, बोलणं हळू. बायको शमीमभाभींना घेऊन सकाळच्या एसटीनं यायचे, संध्याकाळच्या एसटीनं परत. त्यांच्या बाजूच्या खाटेवर प्राजक्ता नावाची कॉलेजातली पोट्टी असायची. वयाच्या विशीतच तिच्या किडन्या गेल्या, पण तोंड असं चालायचं की विचारू नका. डीजे लावायची ती हीच.

रशीदभाईंचा नंबर आला की ते म्हणायचे, "पास."

"पास काय? पत्ते खेळून राहिले का?" मी ओरडायची.

"मले गाण्याचा शौक नाई, सिस्टर. दिवसभर मशीनची खटखट ऐकतो. कान लावून ऐकलं का मशीनच सांगते तिले काय झालं ते. तेवढं ऐकनं बस हाये मले."

मग प्राजक्ता हात पुढं करायची. "चाचा, तुमचा नंबर मले द्या." आणि ते देऊन टाकायचे. त्यांच्या नंबरावर ती आपली गाणी लावायची, आणि ते डोळे मिटून ती सगळी धाडधाड शेवटपर्यंत ऐकायचे. कधी तक्रार नाही. एकदा म्हणाले, "पोरीले बरं वाटते ना, मंग ठीक हाये." असं दोन वर्षं तरी चाललं असेल.

मग रशीदभाई खाडे करायला लागले. आधी एक, मग दोन. आले की पायावर सूज, दम लागलेला, काट्यावर भलतंच वजन. एकदा शमीमभाभींनी मला बाहेर व्हरांड्यात गाठलं. डोळे पुसत म्हणाल्या, "सिस्टर, ये बोल रहे, अब बस हो गया. हफ्ते में दो दिन तुम मेरे साथ बंध जाती, लड़का दुकान बंद रखता. कितने दिन खींचना? मैं क्या समझाऊँ इनको?"

मी तरातरा आत गेले. रागावणं मला चांगलं जमतं. पण रशीदभाईंवर रागावून उपयोग नव्हता, ते हसायचे. म्हणाले, "सिस्टर, मशीन लईच जुनी झाली ना, तं पार्ट बदलत बसाचं नसते."

"हे मशीनवाल्यानं बोलाचं?" मी म्हटलं. "पन्नास वर्षांची शिलाई मशीन तुमी चालू करून देता म्हने!"

"ते दुसऱ्याची असते," ते म्हणाले.

पुढच्या खेपेला ते आलेच नाहीत. फोन केला तर मुलगा म्हणाला, अब्बा झोपले आहेत. त्याच्या आवाजावरून कळलं की त्यालाही काय करावं ते समजत नव्हतं. डायलिसिस सोडलेला माणूस फार दिवस काढत नाही, हे मी त्याला सांगितलं. त्याला ते माहीत होतं.

त्यानंतरच्या खेपेला हॉलमध्ये जरा सणासारखं होतं, कारण प्राजक्ताचं ठरलं होतं. तिची आई तिला किडनी देणार होती. नागपूरला ऑपरेशन होतं, म्हणून आमच्याकडचा हा तिचा शेवटचा दिवस. आम्ही हातात आधीच सुया घालून सगळ्यांना मशीनवर घेतलं होतं, आणि दार उघडून रशीदभाई आत आले. मागं शमीमभाभी. माझा जीव भांड्यात पडला. "या, या! वजन करा पहिले."

"नाई सिस्टर," ते म्हणाले. "मी आज मशीनवर लागत नाई. पोरीले भेटाले आलो फक्त." आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. चेहरा सुजलेला, दम लागलेला. प्राजक्तासाठी एक डबा आणला होता शीरखुर्म्याचा, तिला चालणार नव्हता तरी. "ऑपरेशन झाल्यावर खाजो," म्हणाले. "नाई तं तुह्या मायले दे."

सगळ्यांना कळलं. हा माणूस निरोप घ्यायला आला आहे. एकट्या प्राजक्ताचा नाही, आम्हा सगळ्यांचाच. मी उगाचच बाजूच्या मशीनचे आकडे परत तपासायला लागले.

त्या दिवशी नंबर कोणाचा होता ते मी खरंच विसरले होते. प्राजक्ता विसरली नव्हती. खाटेवरूनच म्हणाली, "सिस्टर, आज चाचाचा नंबर हाये."

"पास," रशीदभाई म्हणाले. सवयीनं.

"पास नाई चालत. आन् आज मी तुमचा नंबर घेत नाई." हट्ट तिचा जुनाच. "मी आता चालली. परत काही इथं येत नाई. तुमचं एक गाणं ऐकल्याशिवाय मी नाई जात. काही बी सांगा, चाचा. पण सध्याचं सांगा. सध्या काय ऐकून राहिले?"

सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. भाऊराव उशीवरून मान वळवून बघत होते. रशीदभाईंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. काहीतरी लावून टाकलं असतं तर सुटले असते, पण काही लावायला त्यांच्याकडे नव्हतंच. मग हळूच त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि फिस्टुलाचा हात पुढं केला.

"हे ऐकून राहिलो," ते म्हणाले. "रात्री उशीजवळ हात असला का ऐकू येते. पहिले भवऱ्यावानी घुमे. चार-पाच दिवस झाले, सूर चढला. बारीक झाला."

मी गळ्यातला स्टेथोस्कोप कानाला लावत त्यांच्यापर्यंत कशी पोचले मला आठवत नाही. हातावर ठेवला. शिट्टी. स्पष्ट, बारीक शिट्टी. नस आवळत आली होती. आणखी थोडे दिवस, आणि बंद.

"रशीदभाई," मी म्हटलं, "तुमाले समजलं होतं?"

"मशीनचा आवाज मले नाई समजनार?"

"मंग सांगितलं काहून नाई?"

ते शमीमभाभींकडे न बघता बोलले. "म्हटलं, बंद होते तं होऊ द्या. आपोआप होऊन जाईल. मंग घरी कोनाले असं वाटनार नाई का रशीदनं सोडलं, का आमी सोडलं. हातच बंद पडला, काय करता!"

शमीमभाभी भिंतीला टेकून खाली बसल्या. मी इतकी वर्षं पेशंट बघितले. चिडलेले, रडणारे, देवावर सोडून दिलेले. पण आपल्या घरच्यांना दोष लागू नये म्हणून आपला हात गुपचूप बंद पडू देणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते. राग आला, माया आली, काय काय आलं.

प्राजक्ता रडत होती, आणि रडत असतानाही भांडत होती. "असं नाई चालत, चाचा. तुमचा नंबर लागला. तुमी गानं लावलं. आता ते अर्ध्यात बंद नाई कराचं. नियम हाये. सिस्टर, सांगा ना नियम!"

नियम माझ्याआधी भाऊरावांनीच सांगितला, तिकडून मोठ्यानं. "अर्ध्यात बंद नाई कराचं, रशीदभाई. माही घंटागाडी तुमी पूर्न ऐकली होती."

कोणीतरी हसलं. मग दुसरं. रशीदभाईंच्या ओठांची कड जराशी हलली. त्यांनी शमीमभाभींकडे पाहिलं, बराच वेळ. मग खाली वाकून चपला काढल्या, भिंतीला लागून नीट ठेवल्या, आणि वजनकाट्यावर जाऊन उभे राहिले.

डॉक्टर धावतच आले. त्यांनीही कान लावला, मान हलवली. त्या दिवशी सांभाळून, थोडा वेळच डायलिसिस केलं, आणि नागपूरला पाठवलं. तिथं आवळलेली नस फुग्यासारखं काहीतरी घालून आतून मोकळी करतात. प्राजक्ता आणि रशीदभाई दोघंही एकाच आठवड्यात नागपूरला होते. शमीमभाभी आणि प्राजक्ताची आई एकमेकींच्या डब्यातलं खात होत्या, असं मला नंतर कळलं.

रशीदभाई परत आले तेव्हा डॉक्टरांनी त्यांचा हात तपासायला एक छोटं यंत्र आणलं होतं. त्याला स्पीकर असतो, नसेतला आवाज मोठ्यानं ऐकू येतो. त्यांनी ते हातावर टेकवलं आणि सगळ्या हॉलमध्ये आवाज घुमला, झूं... झूं... झूं. भरदार, खालच्या सुरात. सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग भाऊराव म्हणाले, "आमच्या घंटागाडीपेक्षा बरं हाये," आणि परत सगळी मशीनं कोकलली. त्या दिवशी मी एकालाही रागावले नाही.

लोकांना वाटतं, या नोकरीत मी लोकांना जगवलं. छे! मशीनं मी चालवली, सुया मी घातल्या, ते माझं काम होतं आणि मी ते चोख केलं, याचा मला गर्व आहे. पण एक माणूस दारापाशी येऊन परत जाणार होता, त्याला काट्यावर कोणी उभं केलं? एका पोट्टीनं, एका बागवाल्यानं आणि एका येड्या नियमानं. मी त्यांची फार ऋणी आहे. तोंडावर कधी म्हटलं नाही, म्हणून इथं लिहिते.

माझ्या निरोपाच्या दिवशी शाल-नारळ वगैरे झालं. मग भाऊरावांनी फर्मान काढलं. "आज सिस्टरचा नंबर. इतकी वर्षं आमाले लावाले लावलं, सोता एकदा बी नाई लावलं. सांगा सिस्टर, सध्या काय ऐकून राहिले?"

खरं सांगते, घरी मी काहीच ऐकत नसे. ड्युटीवरून गेलं की कुकरची शिट्टीसुद्धा नकोशी वाटे. पण नियम माझाच. म्हटलं, "सध्या मी तुमचेच हात ऐकते. रोज सकाळी, एकेकाचा. दुसरं काही नाई ऐकत."

"मंग मी पास म्हटलं तं मले काहून ओरडत होते?" रशीदभाई म्हणाले.

अकोल्याला आले आणि पहिल्या आठवड्यात करमेचना. सकाळी उठायची, आणि कान रिकामे. सुनेनं रेडिओ लावून दिला, नातीनं फोनवर गाणी भरून दिली. प्राजक्ता आता पुण्यात नोकरी करते, तिथून ती मला भयंकर गाणी पाठवते. मी शेवटपर्यंत ऐकते. भाऊराव आहेत अजून, बागेतली पाखरं पाठवतात. आणि दर शुक्रवारी सकाळी रशीदभाईंचा मेसेज येतो. एक शब्द नाही. हातावर फोन टेकवून घेतलेला आवाज. खरखरीतून ऐकावं लागतं, पण ऐकू येतं. झूं... झूं. मी लिहिते, "सूर बरोबर आहे. पाणी कमी प्या." झालं आमचं बोलणं.

मागच्या महिन्यातल्या एका शुक्रवारी मेसेज आला. मी चहा बाजूला ठेवून फोन कानाला लावला. हाताचा आवाज नाही! ढोलक वाजली आणि कोणीतरी गायला लागलं. मी तसाच फोन लावला. "रशीदभाई! हाताचा आवाज कुठं हाये? हात कसा हाये? काहून नाई पाठवला?"

"हात जागेवर हाये, सिस्टर," पलीकडून हळू आवाज आला. "झकास चालू हाये. गानं ऐका ना पहिले."

"कोनतं गानं?"

"दुकानासमोर च्यावाला लावते रोज. पहिले मले खटखटीत ऐकूच येत नव्हतं. आता मी मशीन बंद करून ऐकतो." मग जरा लाजतच म्हणाले, "सध्या हे आवडून राहिलं मले."

फोन ठेवून मी ते गाणं पहिल्यापासून लावलं. चाल साधीच होती, गाणाऱ्याचा आवाजही काही खास नव्हता. नात येऊन म्हणाली, "आजी, हे काय लावलंस? बंद कर ना."

"अर्ध्यात बंद करायचं नसतं," मी तिला म्हटलं, आणि शेजारी बसवून घेतलं.